पागोळीखालचा कोरा दगड: पुण्यातील एका परसबागेतील शेवाळाचे प्रकरण

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या दुमजली बंगल्यामागे, उत्तरेच्या अंगाला, सुमारे अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद असे परस आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात एक रायवळ आंबा आहे, पूर्वेला धुण्याभांड्यांची मोरी व तिच्यावर जस्ताच्या पत्र्याची पडवी आहे, आणि उत्तरेच्या हद्दीवर सहा फूट उंचीची, चुन्याने सांधी भरलेली जुनी दगडी भिंत आहे. २०२० साली शेजारच्या भूखंडावर इमारतीचा पाया खणला गेला, तेव्हा निघालेल्या काळ्या दगडांपैकी अकरा दगड मालकांनी मागून घेतले आणि परसात मांडले. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. माझा त्यांच्याशी जुना घरोबा असल्याने पुढे त्यांचा व त्यांच्या पत्नीचा उल्लेख काका आणि काकू असाच करतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काका घाटात जाऊन आले. रस्त्याकडेचे मखमलीसारखे हिरवे दगड पाहून आपल्या परसातले दगडही असेच व्हावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. चार वर्षे चाललेल्या या उद्योगात काय चुकले, त्यातले माझ्या सल्ल्याने किती चुकले आणि शेवटी कोणत्या दगडावर काय रुजले, याची ही नोंद आहे. माझे शिक्षण आणि अध्यापन वनस्पतिशास्त्राचे. परंतु शेवाळ वर्गात शिकवणे आणि ते दगडावर टिकवणे यांत किती अंतर आहे, हे मला या परसाने दाखवले.

पहिले वर्ष

काकांनी घाटातून गोणीभर शेवाळ आणले. हे त्यांनी करायला नको होते, आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाची जी व्याख्या दिली आहे, तीत जंगलातील गवत, वेली आणि बोरू यांच्या जोडीने शेवाळाचाही नावानिशी उल्लेख आहे. जंगलातील वरची माती आणि दगडही त्याच व्याख्येत येतात. राखीव वनातून शेवाळाची गोणी भरून आणणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लाकूड तोडून आणण्याच्याच जातीचे कृत्य होय, हे बहुतेक हौशी माणसांच्या गावीही नसते. काकांच्याही नव्हते.

आणलेले शेवाळ त्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या कृतीप्रमाणे मिक्सरमध्ये ताकाबरोबर घोटले आणि ते पातळ लेपन ब्रशने अकराही दगडांवर फासले. ही ताकाची कृती थंड, दमट देशांतून आपल्याकडे आली आहे. पुण्याच्या हवेत तिचे काय होते, ते आठवड्याभरात दिसले: लेपावर पांढरी आणि काळी बुरशी चढली, मुंग्यांची रांग लागली, शेजारचे मांजर येऊन दगड चाटू लागले. ऑक्टोबरात जे थोडे हिरवे उरले होते ते नोव्हेंबरअखेर तपकिरी झाले आणि जानेवारीत पापुद्र्यासारखे सुटून पडले.

डिसेंबरात काकांनी मला दूरध्वनी केला होता. शेवाळ वाळते आहे, असे त्यांनी सांगताच मी ‘दिवसातून दोनदा पाणी फवारा’ असे सांगून मोकळा झालो. कोणते पाणी, कोणत्या वेळी, कोणत्या दगडावर, यांपैकी काहीही मी विचारले नाही. काकांनी माझा सल्ला अतिशय निष्ठेने पाळला. त्यांनी फवाऱ्याच्या बारीक तोट्या बसवून घेतल्या, त्यांना बोअरचे पाणी जोडले आणि सकाळी दहा व दुपारी तीन या वेळा ठरवल्या. रोपवाटिकेतून ‘मॉस’ म्हणून विकत आणलेल्या दोन पिशव्याही त्यांनी मधल्या दगडांवर अंथरल्या. त्यांतली एक सुकवलेल्या स्फॅग्नमची होती. ते दलदलीत वाढणारे शेवाळ आहे, कुंड्या भरण्यासाठी आणि ऑर्किडच्या मुळांभोवती गुंडाळण्यासाठी ते विकले जाते, आणि दख्खनच्या दगडावर ते रुजण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी पिशवी सेलाजिनेलाची निघाली. ते शेवाळही नव्हे, नेच्यांच्या जवळच्या कुळातली वनस्पती आहे.

एप्रिलअखेर दगडांवर पांढरा क्षार चढला होता आणि मोरीजवळच्या भागात काळपट हिरवा, बुळबुळीत थर जमला होता. त्याच थरावरून काकूंचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण मनगट तीन आठवडे बांधून ठेवावे लागले. ‘शेवाळ हवे होते ना, घ्या आता,’ हे काकूंचे उद्गार मी मे महिन्यात प्रत्यक्ष भेटीला गेलो तेव्हा मलाही ऐकवण्यात आले.

एक शब्द आणि तीन वस्तू

काकूंच्या बोलण्यातच या प्रकरणाचे निम्मे निदान होते. मराठीत आपण ‘शेवाळ’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो. हौदाच्या तळाशी, मोरीच्या कडेला आणि सतत ओल्या फरशीवर जो बुळबुळीत थर येतो तो शैवालांचा आणि नील-हरित जिवाणूंचा असतो. पावसाळ्यात गच्चीवर जेलीसारखे गोळे दिसतात तेही याच दुसऱ्या गटातले. भिंतीच्या सांधीत दिसणारी, बोट फिरवले तर मखमलीसारखी लागणारी आणि भिंगातून पाहिल्यास इवलीइवली पाने असलेली वस्तू म्हणजे मॉस, ज्याला शास्त्रीय मराठीत हरिता म्हणतात. ती खरी वनस्पती आहे. तिसरी म्हणजे दगडाला चिकटलेले करडे-पांढरे, पापुद्र्यासारखे ठिपके. ते दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच कुळीचे. ती बुरशी आणि शैवाल यांची सोबतीने जगणारी जोडी असते.

या तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत. शैवालांच्या थराला सतत ओल आणि साबण-खरकट्यातून येणारे पोषण मिळाले की तो फोफावतो. मॉसला ओल हवी, पण साचलेले पाणी नको आणि खत तर मुळीच नको. दगडफुलाला ऊन चालते, कोरडेपणा चालतो, आणि त्याची वाढ इतकी मंद असते की वर्षभरात नखाएवढी झाली तरी पुष्कळ. काकांनी मॉससाठी म्हणून जे दोनदा पाणी दिले ते शैवालांना पुरले, आणि काकूंनी शैवालांवर जो राग धरला तो मॉसच्या वाट्याला आला. यापुढे ‘शेवाळ’ हा शब्द मी मॉस याच अर्थाने वापरतो, आणि शैवालांच्या थराला काकूंचाच शब्द वापरून ‘बुळबुळ’ म्हणतो.

मे महिन्यातील पाहणी

मी गेलो तेव्हा परसात हिरवे असे काही नव्हते. अकरांपैकी तीन दगड घराच्या मागच्या भिंतीला लागून होते, चार मधल्या मोकळ्या जागेत, दोन मोरीजवळ पत्र्याच्या कडेखाली आणि दोन आंब्याखाली, कुंपणभिंतीच्या पायथ्याशी.

घरालगतचे तीन दगड काकांनी सर्वांत विचारपूर्वक ठेवले होते. उत्तर बाजूला नेहमी सावली असते, असे त्यांनी वाचले होते. हे विधान लंडनला खरे आहे; पुण्याला ते वर्षातले काही महिनेच खरे असते. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की वीस फूट उंच घराची सावली अठरा फूट लांब पडते आणि सगळे परस झाकले जाते. मार्चअखेरीस तीच सावली सात फुटांच्या आत येते. मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, दुपारी सावली नाहीशीच होते, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडून तळपतो, म्हणजे घराच्या मागच्या भिंतीवर. पावसाळी ढग आले की त्याचा त्रास नसतो. परंतु मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस ही भिंत आणि तिच्यालगतचे दगड अक्षरशः भाजून निघतात. मी हात लावून पाहिला आणि लगेच मागे घेतला.

पत्र्याच्या कडेखालच्या दोन दगडांवर एक वेगळीच गोष्ट दिसली. दोन्ही दगडांचा जो भाग पागोळ्यांखाली येत होता, तो एका सरळ पट्ट्यात कोरा होता: तिथे ना शेवाळ होते, ना बुळबुळ, ना दगडफूल. पट्ट्याच्या बाहेर मात्र तिन्ही गोष्टींच्या खुणा होत्या. जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्यात थोडे जस्त उतरते. शेवाळ जस्त आणि तांबे यांना फार हळवे असते. थंड देशांत छपरावर शेवाळ येऊ नये म्हणून याच धातूंच्या पट्ट्या मुद्दाम छपराच्या माथ्यावर लावतात. काकांच्या पत्र्याने तेच काम फुकट केले होते. याच पत्र्याखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवावे आणि ते दगडांना द्यावे, असा काकांचा पुढचा बेत होता. तो वेळीच थांबला.

आता आंब्याखालची जागा. तिथल्या दोन दगडांवर काकांचे लेपन केव्हाच गळून गेले होते, पण मागच्या जुन्या भिंतीच्या सांधींमध्ये जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत काळपट तपकिरी, कोरड्या भुशासारखे काहीतरी भरले होते. काका त्याला मळ समजत होते. मी त्यातली चिमूटभर काढली, काकूंकडून एक वाटी मागितली, आणि तीत पिण्याचे पाणी घेऊन ती चिमूट सोडली. पाच मिनिटांत आत वळलेली पाने उलगडली आणि वाटीचा तळ हिरवा झाला. भिंगाखाली ते हायोफिला या प्रजातीचे दिसले. चुन्याच्या भिंतींवर आणि दगडांवर आपल्याकडे सर्वत्र आढळणारे, वाळताना पाने नळीसारखी आत वळवून घेणारे हे शेवाळ आहे. ज्याच्यासाठी घाटापर्यंत जाऊन आले, ते घरच्याच भिंतीत, कोणाच्याही मदतीवाचून, कदाचित काकांच्या जन्माच्याही आधीपासून नांदत होते.

काय बिघडले होते

शेवाळाला मुळे नसतात. दगडाला धरून ठेवणारे बारीक धागे तेवढे असतात. पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाही नसतात. बहुतेक शेवाळांचे पान एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि ते पाणी अंगावरूनच शोषून घेते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पाण्यात जे काही विरघळलेले असेल ते गाळणीवाचून थेट पेशींना जाऊन भिडते. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजण्याचे स्वस्त यंत्र लावून पाहिले तेव्हा बोअरच्या पाण्याचा आकडा आठशेच्या वर होता, नळाच्या पाण्याचा त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, आणि पुढे जुलैत गच्चीवर उघड्या पातेल्यात धरलेल्या पावसाच्या पाण्याचा वीसच्याही खाली. बोअरचे पाणी दिवसातून दोनदा फवारून ते प्रत्येक वेळी उन्हात वाळू देणे म्हणजे पानांवर मिठागर चालवण्यासारखेच होते. उन्हाळ्यात काकूंनी भर म्हणून पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणीही ओतले होते. झाडांना ते पुष्कळदा चालून जाते, परंतु त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन उतरलेले असतात, त्यामुळे शेवाळाला ते सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या सल्ल्यातली चूक नेमकी तिथेच होती. शेवाळाला पाणी धरून ठेवता येत नाही. हवा कोरडी झाली की तेही वाळते आणि त्याचे सगळे व्यवहार थांबतात. हा मृत्यू नव्हे. पाणी मिळताच ते पुन्हा जागे होते. पण जागे होण्याला खर्च आहे. वाळताना आणि भिजताना पेशींची जी मोडतोड होते ती दुरुस्त करण्यासाठी साठवलेले अन्न आधी जळते, आणि प्रकाशसंश्लेषण सुरू होऊन ती तूट भरून निघायला ओल पुरेसा वेळ टिकावी लागते. दुपारी तीन वाजता, पारा ३८ अंशांवर असताना दिलेला फवारा वीस मिनिटांत सुकतो. त्या वीस मिनिटांत शेवाळ खर्च करते आणि कमाई सुरू होण्याच्या आत पुन्हा वाळते. असे दिवसातून दोनदा, तीन महिने केले, तर जे शेवाळ कोरडे ठेवल्यास उन्हाळा सहज काढू शकले असते तेही दिवाळखोरीत निघते. बँकेत आयुष्य घालवलेल्या काकांना ही गोष्ट मी याच शब्दांत सांगितली आणि ती त्यांना ताबडतोब पटली.

घाटातल्या शेवाळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहराला सातशेच्या आसपास, आणि घाटमाथ्यावरचे धुके हे याखेरीज. तिथल्या जाती इथे तगाव्यात अशी अपेक्षाच चुकीची होती.

दगडांच्या बाबतीत मात्र थोडे थांबायला हवे. काकांचे सगळे दगड दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे असले तरी एकसारखे नव्हते. सहा दगड घट्ट, गुळगुळीत फुटलेले होते. त्यांच्यावर पाणी थांबतच नाही. पाच दगडांत मात्र लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे होती, आणि काही छिद्रांत पांढरी खनिजे भरलेली होती. रिकाम्या छिद्रांत धूळ बसते, धुळीत ओल राहते, आणि शेवाळाला तेवढे पुरते. कोकणात जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ इतक्या सहज चढते त्याचे एक कारण पाऊस आणि दुसरे जांभ्याची हीच सच्छिद्रता. काकांना दिसायला सुबक म्हणून गुळगुळीत दगड आवडत होते आणि तेच त्यांनी दर्शनी भागी मांडले होते.

उपाय

जूनच्या पहिल्या आठवड्यात फवाऱ्याच्या तोट्या काढल्या. पाच सच्छिद्र दगड पहारीने सरकवून आंब्याच्या सावलीत, जुन्या भिंतीपासून दोन ते चार फुटांवर आणले आणि प्रत्येकाचा तळचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरला. दगड नुसता मातीवर ठेवला तर खालून हवा खेळते आणि तो लवकर कोरडा पडतो. पुरलेला दगड जमिनीची ओल धरून ठेवतो, शिवाय तो तिथलाच वाटतो. क्षार चढलेले भाग तारेच्या ब्रशाने घासले आणि मग महिनाभर काही केले नाही. पहिल्या पावसांनी दगड धुऊन निघू दिले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भिंतीवरचे शेवाळ पूर्ण हिरवे झाल्यावर, बोथट सुरीने तळहाताच्या आकाराचे काही तुकडे काढले. एका जागी जेवढे असेल त्याच्या निम्म्याहून कमी घ्यायचे, हा नियम काकांनी स्वतःहून घालून घेतला. पोयट्याची चाळलेली माती आणि विटेचा बारीक चुरा पावसाच्या पाण्यात कालवून त्याचा सायीएवढा पातळ थर दगडांच्या खडबडीत भागावर दिला, त्यावर तुकडे दाबून बसवले, आणि जोराच्या सरीने ते वाहून जाऊ नयेत म्हणून वर जुन्या मच्छरदाणीचे कापड दोऱ्याने आवळले. दोन दगडांवर तुकड्यांऐवजी चुरा वापरला: थोडे शेवाळ सावलीत वाळवून, हाताने चुरडून, त्याच चिखलाच्या थरावर भुरभुरवले. शेवाळाच्या पानाच्या किंवा खोडाच्या कणापासूनही नवे शेवाळ फुटू शकते, त्यामुळे मिक्सरची कल्पना मुळात चुकीची नव्हती. चुकीचे होते ते ताक. तरीही काकांच्या आग्रहाखातर एका दगडावर ताकाचा लेप पुन्हा दिला आणि तो मुंग्यांनी पुन्हा संपवला.

तुकडे ऑगस्टअखेर धरले. चुऱ्याच्या दगडांवर पाच-सहा आठवडे काहीच दिसेना. मग हिरव्या धाग्यांचे जाळे पसरल्यासारखी झाक आली. शेवाळाची ही पहिली अवस्था नवख्या माणसाला बुळबुळ वाटते आणि पुष्कळदा खरवडून टाकली जाते. इथेही काकांनी ब्रश हातात घेतला होता. पाने यायला दुसरा पावसाळा लागला. परंतु आजमितीला सर्वांत घट्ट आणि सर्वांत सलग हिरवळ त्याच दोन दगडांवर आहे, कारण तिथे शेवाळाने आपली जागा स्वतः निवडली. तुकडे चिकटवलेले दगड अजूनही थोडेसे ठिगळ लावल्यासारखे दिसतात.

रोजचे काम किरकोळ होते, पण टाळता येण्यासारखे नव्हते. आंब्याची पाने शेवाळावर आठवडाभर पडून राहिली तर खालचे शेवाळ पिवळे पडते, म्हणून ती मऊ कुंचल्याने झटकायची. आंबुशी आणि भिंतीवर उगवणारे मांसल पानांचे बारीक तण चिमट्याने उपटायचे. सातभाईंची टोळी किडे शोधताना तुकडे उलटे करून ठेवायची. मच्छरदाणी निघाल्यावर त्यावर काही इलाज उरला नाही, उलटलेले तुकडे सुलटे करून दाबणे एवढेच काकांच्या हाती राहिले.

दिवाळी

त्या वर्षी दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरकामाला येणाऱ्या मावशींनी मागचा ओटा ब्लीचिंग पावडरने घासला आणि ते पाणी खराट्याने परसात लोटले. दोन दगडांची खालची बाजू दोन दिवसांत पांढरी फटक पडली. काका फार संतापले. पण मावशींना दोष देण्यासारखे काही नव्हते: सहा महिन्यांपूर्वी याच परसात, याच नावाच्या वस्तूवरून काकू पडल्या होत्या आणि तिला घासून काढायचे, ही घरातली स्थायी आज्ञा होती. ती बदलली आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्यानंतर जी वाटणी झाली ती मला या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त गोष्ट वाटते, आणि ती काकूंनी सुचवली. मोरीपासून मागच्या फाटकापर्यंतची तीन फूट रुंद वाट काकूंची: तिच्यावर काहीही हिरवे दिसले तर घासले जाईल, आणि त्या पाण्याचा उतार मोरीकडेच राहील. आंब्याखालचा कोपरा काकांचा: तिथे साबण नाही, पावडर नाही, खराटा नाही. दोघांच्या मध्ये गुळगुळीत दगडांची एक रांग, जिच्यावर शेवाळ येणार नाही आणि पाय ठेवला तरी घसरणार नाही. शेवाळाच्या पायवाटा छायाचित्रांत सुरेख दिसतात. सत्तरीच्या माणसांच्या घरात त्या करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच दिवाळीत नातीने मांडलेल्या किल्ल्यावर अळिवाबरोबर भिंतीवरचे थोडे शेवाळही बसवले होते. अळीव आठ दिवसांत पिवळे पडले. किल्ला आंब्याखाली होता आणि कोणी मोडला नाही. त्याच्या मातीच्या बुरुजावरचे शेवाळ जानेवारीतही सकाळच्या दवाने हिरवे होत असे. थंडीत पहाटेचे दव आणि दिवसभर घराची सावली एवढ्यावर शेवाळ महिने काढते, हे आम्हाला त्या किल्ल्याने सांगितले, आणि त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत पाणी द्यायचेच असेल तर ते सूर्यास्तानंतर, पूर्ण भिजेल इतके आणि पावसाचे साठवलेले द्यायचे, असे ठरले.

तपकिरी महिने

खरा प्रश्न मार्चमध्ये आला. फेब्रुवारीच्या शेवटी शेवाळ आखडू लागले, मार्चच्या मध्यावर ते गडद तपकिरी झाले, आणि काकांचे हात शिवशिवू लागले. त्यांनी वातानुकूलन यंत्रातून गळणारे पाणी बादलीत धरले होते. हवेतून निथळलेले ते पाणी जवळजवळ क्षाररहित असते, आणि कल्पना वाईट नव्हती. आम्ही एका दगडाला ते रोज रात्री नऊ वाजता भरपूर दिले आणि बाकीच्या चार दगडांना काहीही दिले नाही. पाणी मिळालेला दगड पहाटेपर्यंत ओला आणि हिरवट राही, दहा वाजता पुन्हा तपकिरी होई. मेअखेर त्याच्यावर कडेने बुळबुळ आली आणि मधले शेवाळ विरळ झाले. काळोखात भिजलेले शेवाळ केवळ श्वसन करते, कमाई करत नाही. पहाटेचे दोन-तीन तास मिळतात तेवढेच. कोरडे ठेवलेले चार दगड जूनच्या पहिल्या दमदार सरीनंतर तासाभरात हिरवे झाले, आणि पाणी घातलेला पाचवा ऑगस्टपर्यंत मागे राहिला. एका दगडावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. काकांना मात्र तेवढा पुरावा पुरला आणि पुढच्या उन्हाळ्यात बादली तुळशीकडे वळली.

जपानमधील क्योटोच्या साइहो-जी या मंदिराच्या बागेत सुमारे १२० प्रकारची शेवाळे आहेत, असे सांगतात, आणि शेवाळाची बाग म्हटली की तिचेच चित्र डोळ्यांपुढे येते. पण चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन भिक्षूंनी तिची नव्याने आखणी केली तेव्हा ती शेवाळाची बाग नव्हती. पुढे देखभाल न झाल्याने आणि जागा ओलसर असल्याने शेवाळ आपणहून पसरले. क्योटोत वर्षभर थोडाथोडा पाऊस असतो. पुण्यात तो चार महिन्यांत पडून जातो, आणि पुण्याच्या शेवाळाने त्या चार महिन्यांशी कधीच जमवून घेतले आहे. इथला शेवाळी दगड वर्षातून साडेचार-पाच महिने हिरवा, दोन-तीन महिने दवावर अर्धा हिरवा आणि उरलेला काळ तपकिरी असायचा. तपकिरी रंगाला आजार समजणे हेच या प्रकरणातले मूळ दुखणे होते.

काकांनी भिंग विकत घेतल्यापासून त्यांना तो रंगही नीरस वाटत नाही. मोरीकडच्या फरशीच्या सांधीत त्यांना ब्रायम अर्जेंटियम हे शेवाळ सापडले, ज्याच्या पानांच्या टोकांत हरितद्रव्य नसल्यामुळे ते चांदीसारखे चकाकते. काकूंच्या हद्दीत असूनही त्याला अभय मिळाले आहे. सप्टेंबरात शेवाळावर केसाएवढ्या दांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या टोकाला बीजाणूंच्या कुप्या धरतात. कुपीचे झाकण गळाल्यावर काही जातींत तोंडाशी दातांची झालर दिसते, आणि ती हवेच्या कोरडेपणानुसार उघडते-मिटते. काका तिच्यावर श्वास सोडून ती हालचाल पाहतात. तेवढा वेळ चहा निवतो.

आजची स्थिती

२०२५ च्या पावसाळ्याअखेर पाचही सच्छिद्र दगडांवर शेवाळ स्थिर आहे; त्यांपैकी दोन दगड जवळजवळ पूर्ण झाकलेले आहेत. मधल्या गुळगुळीत दगडांपैकी एकावर दगडफुलाचे रुपयाएवढे दोन ठिपके आहेत, ते कोणी लावलेले नाहीत. घराच्या भिंतीलगत आता काही ठेवत नाहीत.

पागोळीखालचा दगड अजून कोरा आहे. पत्रा काढून तिथे दुसरे छप्पर घालावे, म्हणजे तोही दगड हिरवा होईल, असे काकांना वाटते. काकूंचे म्हणणे असे की धुणे झाल्यावर टेकायला परसात एक तरी कोरडा दगड हवा. पत्रा तूर्तास आहे तिथेच आहे.